चुलीवर काहीच नव्हतं

मंगळवारची लाँच मी जाऊ दिली.
धक्क्यावर बटाट्यांची पोती चढत होती,
क्लोदोमिरानं हाक मारली, येतेस का आचाओला?
म्हटलं, चुलीवर भांडं आहे.
चुलीवर काहीच नव्हतं.

आधी नुसती चुणचुण होती,
लोकरी विजार घासते म्हणून सोडून दिलेली.
मग ताप. मग जांघेत अवधाण आलं.
मग एलेओदोरोचा दाढीचा आरसा
मी जमिनीवर ठेवला
आणि त्याच्यावर उभी राहून स्वतःकडे पाहिलं,
चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
पाण्याचे फोड, एकमेकांना बिलगून बसलेले,
खडकावरच्या कालवांसारखे.

आम्ही अंगावर काढणारी माणसं.
बापाचं बोट दोरात गेलं तेव्हा
त्यानं वर तंबाखू दाबला
आणि जाळं शेवटपर्यंत ओढलं.
मीही मिठाच्या कोमट पाण्यात बसून राहिले,
दार लावून,
घरात कोणी नसताना.

शुक्रवारी पहाटे लघवी होईना.
पोट तट्ट.
जो थेंब आला तो निखाऱ्यासारखा आला,
आणि मग तोही येईना.
बापाचं बोट आठवलं.
ते नंतर कापावंच लागलं होतं,
हे घरात कोणी कधी बोलत नाही.

लाँचमध्ये दोन तास मी उभी.
बस की, नोल्फा, इस्माएल म्हणाला.
समुद्र बघतेय, म्हटलं.
त्यानं सुकाणूवरचा हात हलवला नाही,
फक्त लाटा जरा तिरक्या घेतल्या,
धक्के कमी बसावेत म्हणून.

दवाखान्यात यास्ना नावाची पोरगी, केस निळे.
मी वाटभर एक वाक्य घोकलं होतं:
माझा नवरा चांगला माणूस आहे.
ते तिनं विचारलंच नाही.
किती दिवस झाले?
मान आखडते? उजेड टोचतो?
डोळ्याला काही? दिवस गेलेत का?
नाही, नाही, नाही.
शेवटची लघवी कधी झाली?
तिथे मला रडू फुटलं.

नळी घातली. पिशवी भरत गेली
आणि मी लाज विसरून
हसले, खरंच हसले.
तिनं काडीला कापूस लावून फोडावरचं पाणी टिपलं.
पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर
गोळ्या अजून चांगल्या लागू पडल्या असत्या, म्हणाली.
ओरडली नाही. अजूनही पडतील, म्हणाली.

मग मी ते वाक्य बोललेच.
असतील चांगले, ती म्हणाली,
हे वर्षानुवर्षं गप्प बसून राहतं,
तुमच्यात किंवा त्यांच्यात,
कधी आलं ते सांगत नाही.
आणि चांगुलपणा तपासायची काडी
आमच्याकडे नाही.

पंधरवड्यानं तो माशांच्या पिंजऱ्यांवरून घरी आला.
मी सगळं सांगितलं, त्याच्याकडे पाठ करून,
भाकरी मळता मळता.
बराच वेळ फक्त लाकूड तडतडत होतं.
मग म्हणाला, मलाही एकदा असं झालं होतं,
तुझ्या आधी, पुएर्तो माँतला.
मला वाटलं घामोळं.
कोणाला दाखवलंस?
नाही.
पीठ माझ्या हातात पुन्हा पुन्हा गोळा होत राहिलं.
त्या रात्री मी वेगळी झोपले.
चौथ्या रात्री नाही, पण मधे उशी ठेवली.
फोड वाळेपर्यंत, यास्नानं बजावलं होतं.

काल लेकीला फोन केला. सातवा महिना चालू आहे तिला.
असं काही झालं, किंवा कधी झालेलं असलं,
त्याला झालेलं असलं तरी,
बाळंतपणाआधी सुईणीला सांगायचं.
आणि मंगळवारची लाँच सोडायची नाही.
आई, ती म्हणाली, कास्त्रोत लाँच कुठली,
दारातून दर वीस मिनिटांनी बस आहे.

मग तर, म्हटलं, तुला
चुलीवर भांडं ठेवायचीसुद्धा सोय नाही.